दुसरी रायफल, दुसरे काडतूस : एका अभ्यासाची प्रस्तावना

जिम कॉर्बेटच्या शिकारकथा मराठी वाचकांनी अनुवादांतून वर्षानुवर्षे आवडीने वाचल्या आहेत. कुमाऊंचे डोंगर, गवत कापायला गेलेल्या बायका, दिवस मावळताच बंद होणारी दारे हे सारे आपल्या ओळखीचे झाले आहे. त्या मजकुरात अधूनमधून .५००, .४५०/४००, .२७५ असे आकडे येतात आणि आपली नजर त्यांवरून घसरून पुढच्या वाक्यावर जाते. ते आकडे सोडून दिले तरी कथा समजते, हे खरे. पण ते उमगले तर कथेतल्या माणसाचा एकेक निर्णय उमगतो. प्रस्तुत पुस्तक त्या आकड्यांविषयी आहे, आणि त्यातही एका नेमक्या प्रश्नाविषयी : एक रायफल हाताशी असलेल्या शिकाऱ्याने दुसरी घेताना कोणते कॅलिबर निवडावे?

१९०७ साली कॉर्बेट चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे गेले तेव्हा त्यांच्याकडे .५०० बोअरची जड दुनळी रायफल होती. त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. ती हलकी, एका नळीची, बारीक गोळीची होती. १९३० साली चौगडच्या वाघिणीशी गाठ पडली तेव्हा हीच रायफल कॉर्बेटच्या उजव्या हातात होती, आणि डाव्या हातात रातव्याची नुकतीच उचललेली दोन अंडी. मान वळवली तर वाघीण अवघ्या आठ फुटांवर. झटकन वळणे शक्य नव्हते. त्यांनी एका हाताने रायफल तसूतसूने फिरवत आणली, आणि ती संथ हालचाल वाघिणीला शेवटपर्यंत धोक्याची वाटली नाही. आपण वाचलो त्याची कारणे सांगताना कॉर्बेटने अंड्यांबरोबर रायफलीच्या हलकेपणाचाही उल्लेख केला आहे. ताकदीच्या हिशोबाने .२७५ ही .५०० च्या जवळपासही जात नाही. पण त्या क्षणी जे काम होते ते तिच्याच जोगे होते.

या अभ्यासाचे सार त्या एका प्रसंगात आहे. पहिली रायफल बहुधा मिळते : वडिलांची, मामाची, दुकानदाराने सुचवलेली, शेजाऱ्याने वापरून दाखवलेली. दुसरी मात्र निवडावी लागते. आपण कोणते सावज साधतो, किती पल्ल्यावरून, कोणत्या रानात, आणि आपला खांदा किती सोसतो, या सगळ्यांची उत्तरे तोवर अनुभवाने मिळालेली असतात. म्हणून कॅलिबरचा खरा विचार दुसऱ्या रायफलीपाशी सुरू होतो, आणि नवख्या वाचकाला या विषयात शिरायला याहून सोयीचे दार नाही.

इथे एक शंका रास्त आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला. मग मराठी वाचकाने या विषयात का शिरावे? पहिले कारण असे की, हा विषय जिथे आज जिवंत आहे त्या अमेरिकेत पुष्कळ मराठी माणसे राहतात. मिशिगन किंवा पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबर उजाडला की कचेरीतला सहकारी हरणाच्या मोसमासाठी रजा टाकतो, आणि त्याच्या बोलण्यातला निम्मा भाग आपल्याला परका राहतो. दुसरे कारण, तिथली शिकार आणि वन्यजीवांचे रक्षण यांची कायद्यानेच सांगड घातलेली आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. तिसरे कारण घरचेच आहे. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे नेमबाजी हा कोल्हापूरकरांच्या अभिमानाचा विषय झाला. कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले ते .२२ कॅलिबरच्या काडतुसाने. ज्या मातीत .२२ चा नेम इतका ओळखीचा आहे, तिथे .२४३ आणि .३०-०६ यांची ओळख करून देणे अप्रस्तुत ठरू नये.

वाचकांनी प्रथम शब्द नीट लावून घ्यावेत. आपण बोलताना ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ एकाच अर्थाने वापरतो. या पुस्तकात काडतूस म्हणजे पितळी नळकांडे, तळाची टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी असा अख्खा संच. गोळी म्हणजे त्यातला फक्त उडून जाणारा भाग. नळीच्या आतून पिळासारख्या फिरत गेलेल्या खाचांना ‘आटे’ म्हटले आहे. त्या आट्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. चाप, दस्ता, पल्ला, नेम, बार हे शब्द मराठीत पूर्वीपासून आहेत आणि आजही पुरे पडतात, हे लिहिताना वारंवार जाणवले आणि त्याचे समाधान वाटले. गोळीचे वजन ‘ग्रेन’ या मापात सांगतात. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. १८० ग्रेनची गोळी सुमारे पावणेबारा ग्रॅम भरते.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास, इंचाच्या किंवा मिलिमीटरच्या मापात. व्याख्या इतकी सोपी असली तरी काडतुसांची नावे सोपी नाहीत. .३०-०६ मधला ‘०६’ म्हणजे १९०६ साल. त्या वर्षी अमेरिकन सैन्याने जुनी २२० ग्रेनची बोथट गोळी टाकून १५० ग्रेनची टोकदार गोळी स्वीकारली. तिथले शिकारी या नावाचा उच्चार ‘थर्टी-ऑट-सिक्स’ असा करतात. .३०-३० मधले दुसरे ‘३०’ मात्र साल नव्हे, ते दारूचे ग्रेनमधले वजन. .२५०-३००० मध्ये ‘३०००’ हा गोळीचा सेकंदाला फुटांतला वेग. .२५७ रॉबर्ट्‌समध्ये माणसाचे नाव, .३७५ एच अँड एचमध्ये हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या पेढीचे. ७ × ५७ मध्ये ५७ ही नळकांड्याची मिलिमीटरमधली लांबी, आणि कॉर्बेटची .२७५ म्हणजे याच जर्मन काडतुसाचे इंग्रजी बारसे. .२७० विंचेस्टरच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .२७७ इंच भरतो. म्हणून नावावरून ताकदीचा अंदाज बांधू नये. नाव हे त्या काडतुसाच्या जन्मकथेतले एक पान समजावे, पत्रिका समजू नये.

नावांपेक्षा घराणी पाहणे अधिक उपयोगी. शक्य झाले तर .३०८ विंचेस्टर आणि .२४३ विंचेस्टर ही दोन काडतुसे टेबलावर शेजारी शेजारी उभी करा. तळ सारखा, पोट सारखे, खांद्यापर्यंत उंचीही जवळजवळ सारखी. फरक मानेचा. १९५२ साली आलेल्या .३०८ ची मान आवळून १९५५ साली .२४३ तयार झाले. तेच नळकांडे, पण गोळी १५० ग्रेनऐवजी १०० ग्रेनची, त्यामुळे वेग अधिक आणि खांद्याला बसणारा धक्का कमी. पुढे १९८० साली याच घरात ७ मिमी-०८ जन्मले. .३०-०६ च्या घराण्यात १९२५ चे .२७०, १९५७ चे .२८० आणि १९६९ मध्ये कारखान्यात बनू लागलेले .२५-०६ येतात. १९१२ च्या .३७५ एच अँड एचच्या तळाशी जे जाड कडे आहे, तो कमरपट्टा घेऊन .३३८ विंचेस्टर मॅग्नम, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ही मंडळी १९५८ ते १९६३ या काळात आली. अशी तीन-चार घराणी ध्यानात आली की शेकडो नावांची भीती उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा पहिली रायफल .३०-०६ आहे. अमेरिकेत हे चित्र फार सामान्य आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणापासून तीनशे किलोंहून जड एल्कच्या नरापर्यंत बहुतेक सावज तिच्या आवाक्यात येते. अशा शिकाऱ्याला दुकानात .२७० किंवा .२८० सुरेख वाटते, आणि त्या रायफली सुरेख असतातही. पण त्या पहिलीच्या सख्ख्या बहिणी. पहिली जे काम करते तेच त्या करतात. वाचकांनी इथे एक साधी कसोटी लावावी : पहिल्या रायफलीला काय जमत नाही? जमत नसेल ते हलक्या बाजूला असेल, तर उत्तर .२४३ च्या आसपास सापडते. मोकळ्या माळावरचे पन्नास किलोंच्या आतबाहेरचे प्रॉन्गहॉर्न, लहान चणीची हरणे, घरातल्या मुलाचा पहिला मोसम, ही त्याची कामे. जमत नसेल ते जड बाजूला असेल, म्हणजे अलास्कातले तपकिरी अस्वल किंवा आफ्रिकेतला रेडा, तर उत्तर .३३८ किंवा .३७५ कडे जाते. आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक श्वापदांसाठी .३७५ ही कायद्यानेच किमान मर्यादा आहे.

या कसोटीची आणखी दोन उत्तरे नवख्यांच्या लक्षात सहसा येत नाहीत, आणि दोन्ही आदराने विचारात घेण्याजोगी आहेत. एक, दुसरी रायफल पहिलीच्याच कॅलिबरची घेणे. विमानाने दूर रानात सोडलेल्या शिकाऱ्याच्या एका रायफलीवरची दुर्बीण आपटून निकामी झाली तर दुसऱ्या रायफलीत तीच काडतुसे चालतात. इथे उणीव ताकदीची नसून भरवशाची आहे. दुसरे, .२२ लाँग रायफल. १८८७ साली आलेले हे इवलेसे काडतूस हरणासाठी नाही, पण ते स्वस्त आहे, त्याचा आवाज लहान आहे आणि धक्का नावापुरता. पहिलीसारखाच दस्ता आणि तसाच चाप असलेली .२२ घेऊन वर्षभर सराव करणारा शिकारी मोसमात आपल्या .३०-०६ ने अधिक नेमका बार काढतो. पुष्कळ अनुभवी माणसे नवख्याला दुसरी रायफल म्हणून हीच सुचवतात, आणि मलाही ते पटते.

कॅलिबर ठरले म्हणजे निवड झाली असे मात्र नाही. १९५५ सालची एक गोष्ट वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी. त्या वर्षी विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ अशी दोन काडतुसे बाजारात आणली. नावात एका अंकाचा फरक असला तरी दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, .२४३ इंच. रेमिंग्टनच्या नळकांड्यात दारू थोडी अधिक मावत होती, म्हणजे कागदावर तेच सरस. पण रेमिंग्टनने नळीचे आटे १२ इंचांत एक फेरा असे ठेवले, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर लहान प्राणी आणि हलक्या गोळ्या होत्या. विंचेस्टरने १० इंचांत एक फेरा ठेवला. गोळी जितकी लांब, तितकी तिला अधिक फिरकी लागते. हरणासाठी लोकांना १०० ग्रेनची लांब गोळी हवी होती, आणि तिच्यासाठी विंचेस्टरची नळी भरवशाची होती. ग्राहकांनी .२४३ उचलले. रेमिंग्टनने १९६३ साली आटे ९ इंचांवर आणून त्याच काडतुसाला ६ मिमी रेमिंग्टन असे नवे नाव दिले, पण गेलेली बाजारपेठ परत आली नाही. आट्यांच्या दोन इंचांनी एका चांगल्या काडतुसाचे नशीब ठरवले. २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर लोकप्रिय झाले त्यामागेही हेच शहाणपण आहे : लांब, सडपातळ गोळी आणि तिला साजेशी दाट फिरकी सुरुवातीपासून गृहीत धरलेली.

त्यानंतरचा विषय खांद्याचा. .२४३ चा धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा, तर .३७५ चा जवळपास दुप्पट. हे आकडे कागदावर निरुपद्रवी दिसतात. सरावाच्या मैदानावर एक जुनी परीक्षा घेतात. शिकवणारा नेमबाजाच्या नकळत रायफलीत कधी खरे, कधी पोकळ काडतूस भरतो. पोकळ काडतुसावर चाप ओढला की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो, आणि त्याच क्षणी नळीचे तोंड खाली डुचकताना दिसते. धक्का आलेलाच नसतो. तरी धक्क्याच्या धास्तीने डोळे मिटलेले असतात, खांदा पुढे आलेला असतो. मोठ्या कॅलिबरची हौस असलेल्या कित्येकांना आपली चूक इथे पहिल्यांदा दिसते. वर्मी बसलेली मध्यम गोळी सावजाला क्षणात आडवे करते, आणि मोठी गोळी पोटात बसली तर ते जनावर रात्रभर रानात तडफडते. ज्याला जीव घ्यायचा आहे त्याच्यावर तो यातनेविना घेण्याची जबाबदारी आहे. कॅलिबरची चर्चा अखेर या जबाबदारीची चर्चा आहे, आणि म्हणूनच ती गंभीरपणे करण्याजोगी आहे.

कायदा आणि पुरवठा या बाबी नीरस वाटल्या तरी त्या आधी पाहाव्यात. कोलोराडोत मोठ्या सावजासाठी किमान .२४ कॅलिबर लागते, आणि एल्क किंवा मूसवर ८५ ग्रेनहून हलकी गोळी चालत नाही. ओहायो, आयोवासारख्या दाट शेतीवस्तीच्या राज्यांत गोळीचा पल्ला आखूड राहावा म्हणून हरणाच्या शिकारीसाठी सरळ भिंतीच्या, म्हणजे मान न आवळलेल्या काडतुसांचा नियम आला, आणि २०१९ साली .३५० लेजंड हे काडतूस जन्मले ते अशाच राज्यांसाठी. कॅलिफोर्नियाने कोंडोर गिधाडे शिशाच्या विषाने मरू नयेत म्हणून जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. तांब्याची गोळी शिशापेक्षा हलकी, म्हणून तेवढ्याच वजनाला ती लांब होते, आणि मग आट्यांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. आपल्याकडेही कायद्याने कॅलिबर घडवल्याचे उदाहरण आहे. .३०३ हे सैनिकी बोअर नागरिकांना निषिद्ध असल्याने ईशापूरच्या कारखान्यात .३१५ बोअरची रायफल बनू लागली, आणि गावोगावच्या परवानाधारकांकडे आजही तीच दिसते.

या क्षेत्रात वाद पुष्कळ आहेत आणि ते वाचण्यात मोठा आनंद आहे. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे जॅक ओ’कॉनर यांनी आयुष्यभर .२७० ची, म्हणजे हलक्या आणि वेगवान गोळीची बाजू मांडली. एल्मर कीथ यांनी तितक्याच जिद्दीने जड आणि मोठ्या गोळीची. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी ७ × ५७ सारख्या लहान काडतुसाने शेकडो हत्ती मारले. मात्र त्याआधी हत्तीच्या कवटीचा छेद घेऊन मेंदूची जागा त्यांनी अभ्यासली होती, हे त्यांचा दाखला देणारे बहुधा सांगत नाहीत. वाचकांनी या मंडळींना पंच न मानता साक्षीदार मानावे. प्रत्येकाने आपापल्या रानात जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. ते रान कोणते आणि सावज कोणते, हे आधी विचारा. मग त्यांच्यातला विरोध पुष्कळसा विरघळतो.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे : आधी नावे आणि घराणी, मग गोळी आणि आटे, मग खांदा, कायदा आणि शेवटी निवड. कोष्टके प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस आहेत. पहिल्या वाचनात ती ओलांडून पुढे गेलात तरी चालेल. एखादे काडतूस आवडले की त्याचा जन्म कोणत्या सालचा, कोणत्या सावजासाठी आणि कोणत्या जुन्या नळकांड्यातून झाला, एवढे शोधा. आकडे आपोआप लक्षात राहू लागतील.

तुमच्यापैकी जे वाचक शिकारीला कायद्याने मुभा असलेल्या देशात राहतात आणि दुसऱ्या रायफलीच्या विचारात आहेत, त्यांना एक विनंती. आधी एक पूर्ण मोसम पहिल्या रायफलीबरोबर काढा. प्रत्येक बाराची नोंद वहीत करा : सावज कोणते, पल्ला किती, गोळी कुठे बसली, आणि कोणत्या वेळी चाप न ओढता रायफल खाली घेतली. ती वही मोसमाअखेरीस वाचून पाहा. दुसऱ्या रायफलीचे कॅलिबर तिच्यात लिहिलेले असेल. आणि पहिलीच पुरेशी आहे असे वही म्हणाली, तर तिचे ऐका.